टपालाच्या थैल्यांपासून

हिवरा आश्रमच्या विद्यार्थ्यालाही वैमानिक व्हावेसे वाटते. पण छोट्या विमानातून माल वाहणे त्याला कमीपणाचे वाटते. त्याने जे. आर. डी. टाटांचे (१९०४–१९९३) चरित्र अवश्य पाहावे. भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना १९२९ साली त्यांना मिळाला. परंतु १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून ते एकटेच निघाले ते उतारू नव्हे, टपाल घेऊन. विमान एका इंजिनाचे, ‘पस मॉथ’. अहमदाबादेस इंधन आले बैलगाडीतून! दुपारी ते जुहूला उतरले. तेथून मद्रासपर्यंत टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. सरकारी अनुदान नव्हते. मोबदला टपालाच्या वजनावर. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा व्यवहार धाडसाचाच वाटेल. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. तरीही पहिल्या वर्षी नफा झाला. याच सेवेची १९४६ साली ‘एअर इंडिया’ झाली आणि ८ जून १९४८ रोजी तिचे विमान लंडनला निघाले. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची ते जुहू हा प्रवास टाटांनी छोट्या विमानातून पुन्हा एकट्याने केला.