मनमोहन सिंग (वैमानिक)

हा लेख वैमानिक मनमोहन सिंग यांच्याविषयी आहे. याच नावाचे भारताचे माजी पंतप्रधान ही वेगळी व्यक्ती होय.

मनमोहन सिंग (१९०६, रावळपिंडी – ३ मार्च १९४२, ब्रूम, ऑस्ट्रेलिया) हे भारतीय वैमानिक होते. इंग्लंड ते भारत हा हवाई प्रवास एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांनी ब्रूम बंदरावर केलेल्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

प्रारंभिक जीवन

अविभाजित पंजाबातील रावळपिंडी येथे त्यांचा जन्म झाला. स्थापत्य अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गेले आणि तेथेच विमानोड्डाणही शिकले. त्या काळी भारतात नागरी उड्डाण नुकतेच सुरू होत होते आणि परवानाधारक भारतीय वैमानिक बोटांवर मोजण्याइतके होते.

आगाखान पारितोषिक

इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून कापणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी १९२९ मध्ये ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. निघाल्यापासून एका महिन्याच्या आत प्रवास संपवावा, ही त्यातील मुख्य अट होती. स्पर्धेत तिघे उतरले : मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अवघ्या १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर.

मनमोहन सिंगांनी आपल्या जिप्सी मॉथ विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले होते. त्यांचे पहिले प्रयत्न वाटेतच थांबले, तेव्हा ‘मिस’ म्हणजे ‘चुकणे’ हा दुसरा अर्थ घेऊन हा वैमानिक भारत चुकवणारच, अशी कोटी एका ब्रिटिश विमानविषयक नियतकालिकाच्या संपादकाने केली. एक इंजिन, उघडी बैठक, हाती केवळ नकाशा व होकायंत्र, अशा साधनांनी युरोप, भूमध्य समुद्र आणि अरबी वाळवंट ओलांडायचे होते, हे लक्षात घेतले तर त्या विनोदातील हिणकसपणा जाणवतो.

१९३० च्या मे महिन्यात सिंग अखेर कराचीला पोहोचले. मात्र वाटेत विमान सक्तीने उतरवावे लागल्याने महिन्याची मुदत थोडक्यात उलटून गेली होती, त्यामुळे पारितोषिक त्यांना मिळाले नाही. ते अस्पी इंजिनिअर यांना मिळाले. कराचीहून उलट दिशेने निघालेल्या टाटांनी इजिप्तमधील अबुकीर येथे अडकून पडलेल्या अस्पींना स्पार्क प्लग दिला होता आणि स्वतः काही तासांनी मागे पडले होते. नियमानुसार निर्णय बरोबरच होता. पुढे टाटांनी १९३२ मध्ये हवाई टपालसेवा सुरू केली, अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि या स्पर्धेची आठवण प्रामुख्याने त्या दोघांच्या चरित्रांतून उरली.

दुसरे महायुद्ध

युद्ध सुरू झाल्यावर सिंग भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. तरुण सहकाऱ्यांच्या तुलनेत ते वयाने बरेच मोठे होते, परंतु लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा त्यांचा अनुभव उपयोगी ठरला. त्यांना ब्रिटनमध्ये सागरी गस्तीवरील विमानांकडे पाठवण्यात आले. ही विमाने पाण्यावरून उडत व पाण्यावरच उतरत. प्रथम सन्डरलंड आणि नंतर कॅटलिना जातीची विमाने त्यांनी चालवली. जपान युद्धात उतरल्यानंतर ते आग्नेय आशियाच्या आघाडीवर होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्यानंतर जावा बेटही हातचे जाऊ लागताच दोस्त राष्ट्रांची उरलीसुरली विमाने ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

ब्रूम येथील हल्ला

वायव्य ऑस्ट्रेलियातील ब्रूम हे मोती काढणाऱ्यांचे छोटे बंदर. जावातून येणाऱ्या विमानांचा तो पहिला थांबा बनला. तेथील भरती-ओहोटीत कित्येक मीटरचा फरक असतो. ओहोटीला किनाऱ्यालगत चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते, म्हणून विमाने दूर खोल पाण्यात नांगरून ठेवावी लागत. इंधन बोटीतून न्यावे लागे आणि बोटी थोड्याच होत्या. गावात जागा नसल्याने डच निर्वासितांनी, त्यांतील बायकामुलांनीही, रात्र विमानांतच काढली. २ मार्च रोजी एक जपानी टेहळणी विमान गावावर घिरट्या घालून गेले होते. गावात ना लढाऊ विमाने होती, ना विमानविरोधी तोफा.

३ मार्चच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास तिमोरमधील कूपांगहून आलेल्या नऊ झीरो विमानांनी हल्ला चढवला. नांगरलेली विमाने काही मिनिटांतच पेटली. पाण्यावर पेट्रोल जळत होते आणि ओढ जोराची होती. किमान ८८ माणसे मेली. किनाऱ्यावरील धावपट्टीवरही विमाने नष्ट झाली. बंदरातल्या कॅटलिनांपैकी एकीवर फ्लाइंग ऑफिसर मनमोहन सिंग होते. ते वाचू शकले नाहीत.

समुद्रात नाहीशा झालेल्या व थडगे नसलेल्या राष्ट्रकुलाच्या हवाई सैनिकांसाठी सिंगापूरमधील क्रांजी येथे स्मारक उभारलेले आहे. ब्रूमच्या उपसागरात अत्यंत मोठ्या ओहोटीच्या दिवशी त्या विमानांचे सांगाडे आजही चिखलातून वर येतात, आणि भरती येईपर्यंत त्यांच्यापर्यंत चालत जाता येते.