टिळक, गणित आणि एल.एल.बी.

बी.ई. झाल्यावर मला लॉ करायचंय असं घरी सांगितलं, तर आई पोळी लाटता लाटता थांबली आणि बाबांनी पेपर खाली ठेवला. मग इंजिनिअरिंगची एक सीट कशाला अडवलीस, हा त्यांचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडलं लायब्ररीत, लोकमान्य टिळकांच्या चरित्रात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे तोवर टिळक म्हणजे फक्त शेंगांच्या टरफलांची गोष्ट!

२३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म. सोळाव्या वर्षी वडील गेले. पुण्यात डेक्कन कॉलेजला आल्यावर पहिलं वर्ष या माणसाने तालीम आणि पोहण्यात घालवलं. तब्येत किरकोळ होती, ती कमावली. (एफ.ई.ला के.टी. लागलेल्यांनी लगेच खूश होऊ नये.) मग केरूनाना छत्र्यांकडे गणित शिकून ते बी.ए. पहिल्या वर्गात पास झाले. एम.ए. मात्र अर्धवट राहिलं आणि १८७९ साली त्यांनी एल.एल.बी. केलं.

गंमत पुढेच आहे. त्यांनी वकिली केलीच नाही! कॉलेजात आगरकरांबरोबर रात्र रात्र चर्चा करून शाळा काढायचं ठरलं होतं. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. मग कायदा वाया गेला का? तर नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी लॉ क्लास चालवला. गणितही वाया गेलं नाही. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ ठरवताना तेच कामी आलं.

१९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा मुंबई हायकोर्टात टिळक स्वतःच उभे राहिले. एकूण एकवीस तासांच्या आसपास बोलले. ज्यांनी १८९७ मध्ये त्यांच्या जामिनासाठी अर्ज केला होता, तेच दावर आता न्यायाधीश होते. नऊपैकी सात ज्यूरर विरोधात गेले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. खटला हरले, पण आपली बाजू त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून मांडली नाही.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, की आधी बी.ई. नीट पूर्ण कर. टिळकांनीही बी.ए. अर्धवट सोडलं नव्हतं, तेव्हा मुद्दा मान्य. सध्या सबमिशन्स चालू आहेत, आणि उशाशी राज्यघटनेचं पुस्तक आहे. बाबांनी ते पाहिलंय. अजून हलवलेलं नाही.