यंत्रयुगाचा द्रष्टा कथाकार

इ. स. १९०९ सालची गोष्ट. घरोघरी नभोवाणी पोचण्यास अद्याप बराच अवकाश होता. दूरचित्रवाणी कोणी पाहिली नव्हती. अशा काळी एका इंग्रज लेखकाने एक अद्भुत कथा लिहिली. तिच्यातील माणसे आपापल्या खोलीत बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचे मुख पाहत व त्याच्याशी बोलत. त्या लेखकाचे नाव एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर.

फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडन येथे झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचे वडील क्षयरोगाने निवर्तले. मातेने त्यांना वाढविले. त्यांचे बालपण खेड्यातील एका जुन्या घरात, शेते व वृक्ष यांच्या सहवासात गेले. टनब्रिजच्या शाळेत त्यांचे मन रमले नाही. परंतु केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात त्यांना विद्या आणि स्नेही दोन्ही लाभले. १९०६ मध्ये सय्यद रॉस मसूद हा हिंदी तरुण त्यांच्याकडे लॅटिन भाषा शिकू लागला. गुरुशिष्यांच्या या नात्याचे लवकरच गाढ मैत्रीत रूपांतर झाले.

'यंत्र थांबते' या अर्थाचे नाव असलेल्या त्यांच्या कथेत मनुष्यजात भूमीखाली राहावयास गेली आहे. प्रत्येकाची खोली मधमाशीच्या पोळ्यातील घरासारखी षट्कोनी आहे. कळ दाबताच अन्न येते, संगीत ऐकू येते, शय्या पुढे येते. वाष्टी नावाची स्त्री हजारो माणसांना ओळखते, खोलीतूनच सर्वांना व्याख्याने देते. पण कोणाला प्रत्यक्ष भेटणे तिला नकोसे वाटते. तिचा पुत्र क्यूनो फार दूर राहतो. एका वाटोळ्या तबकडीवर मायलेक परस्परांस पाहतात. परंतु तबकडीवर आईची केवळ आकृती दिसते, तिच्या मुद्रेवरील सूक्ष्म भाव उमटत नाहीत, हे क्यूनोला जाणवते. म्हणून समक्ष भेटीस येण्याची तो तिला विनवणी करतो. ती नाइलाजाने हवाई नौकेतून निघते. वाटेत खाली हिमालय दिसतो, तेव्हा ती खिडकी झाकावयास सांगते. त्या शिखरांपासून तिला काहीच सुचत नाही!

पुढे लोक यंत्राचीच पूजा करू लागतात. ते बिघडत चालले, तरी दुरुस्ती करण्याचे ज्ञान कोणापाशीही उरलेले नसते. अखेर यंत्र थांबते. दिवे विझतात, शुद्ध हवा संपते. त्या अंधारात मृत्यूच्या क्षणी मायलेक एकमेकांस बिलगतात. भूपृष्ठावर काही माणसे अजून जिवंत आहेत, एवढीच आशा क्यूनोजवळ असते.

फॉर्स्टर स्वतः मात्र खोलीत बसून राहिले नाहीत. १९१२ मध्ये ते समुद्रमार्गे भारतात आले. या प्रवासात त्यांनी वेरूळची लेणी पाहिली. १९२१ मध्ये ते पुन्हा आले आणि देवासच्या थोरल्या पातीचे मराठे नरेश तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस झाले. तेथे गोकुळाष्टमीच्या उत्सवात ते अनवाणी सामील झाले. तेथून ते हैदराबादला मित्र मसूद यांच्याकडे गेले. मसूद त्या वेळी हैदराबाद संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात असल्यामुळे येथील सरकारी शाळाही त्यांच्याच खात्याकडे होत्या.

१९२४ मध्ये फॉर्स्टर यांची भारतावरील विख्यात कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी मसूद यांना अर्पण केली. राज्यकर्ता आणि पारतंत्र्यातील मनुष्य यांची खरी मैत्री होऊ शकेल काय, हा तिच्यातील प्रश्न आहे. तिच्या अखेरच्या भागात भक्तजन तुकाराममहाराजांचा नामघोष करतात. देवासच्या उत्सवाची स्मृती तेथे उतरली आहे. ७ जून १९७० रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, फॉर्स्टर कालवश झाले.

त्यांनी कल्पिलेली तबकडी आज आपल्या तळहातावर आली आहे. परभणीच्या एखाद्या खेड्यातील आजीही दूरदेशीच्या नातवाचे मुख तीवर पाहू शकते. यंत्राची ही देणगी खरोखर मोठी आहे. तथापि नातू सुट्टीत घरी आला, म्हणजे आजी त्याच्या पाठीवरून जो हात फिरविते, तो कोणत्याही तबकडीतून पोचत नाही. हे ज्याला उमजले, त्याला फॉर्स्टर यांची कथा उमजली.