गलगंडाचे वैरी : डॉ. रामलिंगस्वामी

आयोडीनयुक्त मिठाची पुडी आज घरोघरी असते; तिच्याकडे आपले सहसा लक्षही जात नाही. परंतु त्या मिठामागे एका थोर संशोधकाची अनेक वर्षांची तपश्चर्या आहे. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी हे त्यांचे नाव. आम्हां भोपाळकरांना तर त्यांचे स्मरण आणखी एका कारणाने ठेवले पाहिजे.

आंध्रातील श्रीकाकुलम येथे ८ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. विशाखापट्टणम येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते पुढे ऑक्सफर्डला गेले व १९५१ मध्ये त्यांनी तेथील डॉक्टरेट मिळविली. निळगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेतही त्यांनी काम केले. अन्नातील उणिवांमुळे गोरगरिबांना होणारे रोग हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची वाढ व मेंदूचा विकास तिच्या स्रावावर अवलंबून असून तो स्राव तयार होण्यास आयोडीन लागते. हिमालयाच्या उतारांवरील मातीतले आयोडीन पावसाने व बर्फाच्या पाण्याने धुऊन गेले आहे. तेथील धान्यात ते पुरेसे उतरत नाही. मग भुकेली ग्रंथी फुगते व गलगंड होतो. गर्भवती मातेस आयोडीन न मिळाल्यास मूल मंदबुद्धी किंवा मूकबधिर होण्याचे भय असते.

१९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग आरंभिला. तेथे शंभरांतील सुमारे चाळीस लोकांना गलगंड होता. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंना आयोडीनयुक्त मीठ व तिसऱ्यास साधे मीठ पुरविण्यात आले. सहा वर्षांनी पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले. तिसऱ्यात मात्र ते होते तसेच राहिले. त्या विभागातील लोकांनी पुराव्यासाठी जी किंमत मोजली, ती आपण विसरता कामा नये. पुरावा हाती येताच त्यांनाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले व तेथील गलगंडही ओसरू लागला. १९६२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

पुढे ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक व १९७९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. ते त्या पदावर असतानाच २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती काळरात्र आमच्या शहरावर कोसळली. तो वायू विषारी होता, किरणोत्सर्गी नव्हे. त्यांच्या कारकिर्दीतच परिषदेने वायुपीडितांच्या प्रकृतीचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. सुमारे ८० हजार पीडितांची नोंद झाली. येथे वैद्यकाला संकटामागून धावावे लागले.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, एप्रिल १९८६ मध्ये, सोव्हिएत देशातील चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्रात स्फोट झाला. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधातून मुलांच्या पोटात गेले आणि हजारो मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. चांगले आयोडीन कोणते व घातक कोणते, हे ग्रंथीला कळत नाही. ती भुकेली असली म्हणजे मिळेल ते अधाशीपणे शोषून घेते. म्हणून ज्या गावांच्या मातीत आयोडीन कमी, तेथील मुलांना धोका अधिक ठरला. शेजारच्या पोलंडने मात्र तत्परतेने सुमारे एक कोटी मुलांना आयोडीनची मात्रा पाजली. मिठाने किरणोत्सर्ग टळत नाही. पण रोजच्या मिठाने ग्रंथी भुकेली राहत नाही, हेही संरक्षण थोडे नव्हे. त्याच १९८६ पासून भारतात खाण्याचे सर्व मीठ टप्प्याटप्प्याने आयोडीनयुक्त करण्याचे काम सुरू झाले.

२८ मे २००१ रोजी हे थोर संशोधक निवर्तले. विद्यार्थी मित्रहो, आजार होण्यापूर्वीच त्याची वाट अडविणारा वैद्य आपल्या दारी कधी दिसत नाही. म्हणून त्याचे उपकार आपण सहज विसरतो. ज्या कांगड्यातील घरी आज मूल निरोगी जन्मते, त्या घराला रामलिंगस्वामींचे नाव कदाचित ठाऊकही नसेल. आपण निदान एवढे करावे : मीठ झाकणाच्या बरणीत, ओलाव्यापासून व चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे, आणि ते पदार्थात शेवटी घालावे, म्हणजे त्यातील आयोडीन उडून जाणार नाही.