वाजवता न येणाऱ्याची गिटार

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरात होता, त्यांना आळीतले रेडिओ दुरुस्तीचे दुकान नक्की आठवत असेल. कळकट टेबल, मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून ठेवलेले दोन-तीन रेडिओ, सोल्डरिंगच्या राळेचा वास आणि या पसाऱ्यात मान खाली घालून बसलेला दुकानदार. यंत्राकडे पाहण्याची त्याची नजर वेगळी असते. यंत्र दिसायला किती छान आहे, यापेक्षा ते कोठून उघडते, त्यातला कोणता भाग आधी जातो आणि तो बदलायला किती वेळ लागेल, हे त्याला आधी दिसते. जगभर जिच्या असंख्य नकला झाल्या, ती स्ट्रॅटोकास्टर नावाची इलेक्ट्रिक गिटार अशाच एका दुकानदाराच्या नजरेतून जन्माला आली. त्याचे नाव लिओ फेंडर. गंमत अशी, की या गृहस्थाला गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावणेही त्याला जमत नसे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या मळ्यातला. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. तेव्हापासून त्या जागी काचेचा डोळा आला. लहानपणी त्याला पियानो आणि सॅक्सोफोनचे धडे मिळाले होते, पण मन रमले ते तारा आणि बॅटऱ्यांत. त्याच्या मामाचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. मामाने एकदा त्याला रेडिओच्या जुन्या सुट्या भागांनी भरलेली पेटी पाठवली. पुढे १९२२ साली तो मामाकडे गेला, तेव्हा दुकानाच्या दारात मामाने स्वतः बनवलेला रेडिओ मोठ्या कर्ण्यातून गात होता. त्या आवाजाने लिओला कायमचे भारून टाकले.

तरीही शिक्षण झाले ते हिशेबनीसाचे. महामंदीच्या दिवसांत एकामागून एक नोकऱ्या गेल्या. अखेर १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. गावोगाव कार्यक्रम करणारे वादक आपले बिघडलेले अॅम्प्लिफायर घेऊन तेथे येऊ लागले. लिओ दुरुस्ती करता करता त्यांची गाऱ्हाणी ऐके. महायुद्ध सुरू झाले तेव्हा एका डोळ्यामुळे त्याला सैन्यात जावे लागले नाही. दुकान चालू राहिले आणि ऐकणेही.

गाऱ्हाणे मुख्यतः एकच होते. साधी गिटार पोकळ असते. तिला विजेची जोड देऊन आवाज मोठा केला, की अॅम्प्लिफायरमधून निघालेला नाद पुन्हा त्या पोकळ पेटीत शिरतो, पेटी थरथरते आणि कर्कश शीळ सुरू होते. सभागृहातल्या माइकने अशी शीळ घातलेली आपणही ऐकली आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारला ही अडचण फारशी नव्हती. तिचा इलेक्ट्रिक अवतार भरीवही करता येत असे. आकाशवाणीवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना ऐकत वाढलेल्यांना तिचा लांबवलेला, घसरत जाणारा स्वर चांगला परिचयाचा आहे. १९४३ च्या सुमारास लिओने डॉक कॉफमन या मित्राच्या मदतीने लाकडाच्या एका भरीव तुकड्यावर तारा ताणून एक ओबडधोबड गिटार केली. ती विकण्यासाठी नव्हती, नवे पिकअप तपासायला केली होती. पण आसपासचे वादक तीच भाड्याने मागू लागले. तिचा स्वर लख्ख होता आणि बराच वेळ टिकत होता.

पिकअप म्हणजे काय, हे समजायला सायकलचा डायनॅमो आठवावा. चाकाबरोबर चुंबक फिरतो, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि दिवा लागतो. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक जागेवरच असतो. त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली, की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. तीच अॅम्प्लिफायरमध्ये मोठी होऊन आपल्याला ऐकू येते. लाकडाची पोकळी नसली तरी चालते, ते यामुळे.

भरीव गिटारची कल्पना एकट्या लिओची नव्हती. लेस पॉल, पॉल बिग्सबी ही मंडळीही त्याच वाटेवर होती. पण ती कारखान्यात, परवडेल अशा किमतीला आणि सहज दुरुस्त होईल अशी करून दाखवली लिओने. १९५० साली त्याची ‘ब्रॉडकास्टर’ बाजारात आली. या नावाशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रम्सना आधीच होते. तिने हरकत घेतल्यावर पुढच्या वर्षी गिटारचे नाव ‘टेलिकास्टर’ झाले. जुनी गिटार बनवणारे कारागीर दांडा खोडाला सरसाने चिकटवत. लिओने तो चार स्क्रूंनी बसवला. दांडा वाकला किंवा झिजला तर काढावा, दुसरा लावावा. जाणत्यांना हे गावठी वाटले. वादकाला मात्र उद्या रात्रीचा कार्यक्रम दिसत होता. या अडचणीच्या दिवसांत टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या पत्नीचा, एस्थरचा, पगार घराला आणि कारखान्याला आधार देत होता.

१९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. फ्रेडी टव्हॅरेस हा मूळचा हवाई बेटांवरचा वादक आरेखनात मदतीला होता. बिल कार्सनसारखे वादक, खोडाची कड बरगड्यांना टोचते, अशा तक्रारी करत. लिओ ती कड तासून टाके. पण त्याची खरी नजर कळते ती आतल्या वायरिंगमध्ये. तीन पिकअप, पिकअप निवडण्याचा खटका, एक आवाजाचे बटण आणि दोन टोनची बटणे, हे सगळे त्याने प्लास्टिकच्या एकाच पातळ पत्र्याच्या पाठीवर बसवले. स्क्रू काढून पत्रा उलटा केला, की रेडिओचे झाकण उघडावे तसा सगळा संसार समोर येतो. सोल्डर सुटले असेल तर तेथेच दिसते.

टोनचे बटणही रेडिओतलेच. त्याला जोडलेला लहानसा कंडेन्सर स्वरातली तीव्र कंपने अर्थकडे सोडून देतो आणि गोल, मऊ नाद मागे ठेवतो. एक तार खोडाच्या मागच्या स्प्रिंगांना जोडून तारांनाही अर्थ मिळवून दिलेला असतो. त्यामुळे वादकाचा हात तारांवर पडला, की दिव्यांची आणि यंत्रांची भुणभुण बरीच कमी होते. आवाजाचे बटण उजव्या हाताच्या करंगळीला पोचेल इतके जवळ आहे. वाजवता वाजवताच स्वर फुलवता यावा, ही त्यामागची सोय. स्वतः न वाजवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या करंगळीचा विचार केला होता.

एक गोष्ट मात्र त्याच्याही योजनेत नव्हती. खटक्याला तीनच जागा होत्या, एका वेळी एक पिकअप. वादकांनी तो दोन जागांच्या मध्ये अडकवून पाहिला. दोन पिकअप एकत्र बोलू लागले आणि एक पोकळ, किणकिणता, मोठा मोहक स्वर निघाला. खटका तेथे टिकत नसे, तरी लोक तो कसाबसा टिकवत. अखेर १९७७ साली कंपनीनेच पाच जागांचा खटका दिला.

पण तोवर कंपनी लिओची राहिली नव्हती. पन्नाशीच्या दशकापासून सायनसच्या जंतुसंसर्गाने त्याला ग्रासले होते. उपाय चालेनात. आपण फार दिवस काढत नाही, असे वाटून त्याने विकायचे ठरवले. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरना सारे विकत घेतले. त्यात त्याचे आडनावही गेले. त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचाराने तो बरा झाला! त्याच १९६५ साली बॉब डिलनने न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात स्ट्रॅटोकास्टर वाजवून खळबळ उडवली, १९६९ साली वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने तीच हाती धरली. जग फेंडर हे नाव घेत होते आणि फेंडरला आपल्या नव्या कामावर ते घालण्याची मुभा नव्हती.

दुसरा कोणी कुढत बसला असता. करारातली दहा वर्षांची बंदी संपताच लिओ ‘म्युझिक मॅन’ या कंपनीच्या अध्यक्षपदी आला. पुढे जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर तिसरा डाव मांडला. जॉर्ज आणि लिओ, म्हणून नाव ‘जी अँड एल’. १९७९ साली एस्थर गेली. वर्षभराने त्याने फिलिसशी विवाह केला. पार्किन्सनने हात थरथरू लागले, तरी रोज कामाच्या टेबलाशी येणे सुटले नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला, आदल्या दिवशीही तो कामावर आला होता. १९९२ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव कोरले गेले, एकही गाणे न वाजवता.

आज हौसेने घरी गिटार बनवणारा एखादा मुलगा पत्र्याच्या पाठीवर खटका, बटणे आणि कंडेन्सर मांडून सोल्डरिंग आयर्न तापवतो, तेव्हा तो बहुधा लिओचाच नकाशा गिरवत असतो. आवाज आला नाही, तर चार स्क्रू काढून पुन्हा पाहता येते. आपल्या आडनावावरचा हक्क गमावलेल्या माणसाची ही सोय मात्र कोणाला विकत घेता आली नाही. ती त्याने ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी उघडीच ठेवली होती.