मंदिराच्या दारापासून जमिनीच्या पट्ट्यापर्यंत

२ मार्च उजाडला की नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहाचे स्मरण होते आणि त्या ओघात भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांचेही नाव घेतले जाते. सत्याग्रह समितीचे चिटणीस आणि डॉ. आंबेडकरांचे विश्वासू सहकारी, एवढ्यावर हे स्मरण बहुधा थांबते. वस्तुतः त्या सत्याग्रहानंतर जवळजवळ चाळीस वर्षे दादासाहेब सार्वजनिक जीवनात होते. मुंबई प्रांताच्या विधानसभेत, पुढे लोकसभेत आणि राज्यसभेत ते बसले; मधूनमधून तुरुंगातही गेले. उत्तरायुष्यात त्यांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र देवळाचा नव्हता, जमिनीचा होता. आणि नेमका तोच स्मरणसभांतून निसटतो.

दिंडोरी तालुक्यातील आंबे या खेड्यात, एका महार कुटुंबात, १५ ऑक्टोबर १९०२ रोजी त्यांचा जन्म झाला. नाशिक ही त्यांची कर्मभूमी. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहण्यापासून त्यांच्या कार्यास आरंभ झाला. वसतिगृह चालविणे हे काम वक्तृत्वाचे नव्हे. दाणागोटा, हिशेब, आजारी मुलाची शुश्रूषा, वर्गणीसाठी केलेली पायपीट यांत माणसाचा कस लागतो. हीच चिकाटी त्यांना १९३० साली उपयोगी पडली. मोर्चा एका दिवसाचा असतो, परंतु काळारामचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. तुकड्या जमविणे, खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रीपुरुषांच्या भाकरीची सोय करणे, अटक झालेल्यांच्या घरी लक्ष ठेवणे आणि सवर्णांच्या बहिष्काराला तोंड देणाऱ्या वस्त्यांना धीर देणे, हे सारे नाशिकमध्ये राहून कोणीतरी करावयाचे होते. त्याच महिन्यात दांडीयात्रा निघाल्यामुळे देशाचे डोळे गुजरातच्या किनाऱ्याकडे लागले होते. गोदाकाठी काय चालले आहे याची दखल घेण्यास फारशी कोणाला सवड नव्हती. बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली, तीवरून या कामाचा भार कोणाच्या खांद्यावर होता ते कळते. १९३४ मध्ये मंदिरप्रवेशाचा आग्रह सोडून शिक्षण आणि राजकारण यांकडे शक्ती वळवावी असा निर्णय बाबासाहेबांनी त्यांना कळविला. दार उघडले नव्हते. पण त्या दारासमोर एक संघटना उभी राहिली होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा ज्या येवल्यात झाली ते गाव याच जिल्ह्यातले आहे, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने ते नाशिकमधून विधानसभेवर निवडून आले. त्या पक्षाने खोतीचा प्रश्न सभागृहात आणि सभागृहाबाहेरही लढविला. तथापि देशावरील खेड्यांत खोतीपेक्षा निकटचे दुखणे महार वतनाचे होते. आजच्या विद्यार्थ्याला वतन या शब्दाने मानाचा भास होईल. म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. जमिनीचा एखादा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात महाराने सरकारचे व गावाचे काम करावयाचे. निरोप पोहोचवायचा, वसुलाच्या रकमेची राखण करायची, आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला राहायचे. वेळेचे बंधन नाही आणि नकाराची मुभा नाही. पिढ्या वाढल्या तसे जमिनीचे हिस्से वितभर झाले, चाकरी मात्र तेवढीच राहिली. तरीही ती जमीन होती, आणि दुसरी मिळण्याचा मार्ग नव्हता. म्हणूनच वतन सुटावे पण जमीन जाऊ नये, अशी ही अवघड मागणी होती. वतनी जमिनीवर सरकारने जादा आकारणी केली तेव्हा १९४१ मध्ये सिन्नर येथे परिषद भरली आणि करास विरोध पुकारण्यात आला. वतन रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. बाबासाहेबांचे निधन होऊन काही महिनेच लोटले होते. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच त्यात फूट पडली. या फुटीकडे केवळ व्यक्तिगत हेवेदावे म्हणून पाहणे सोपे आहे. त्यात तथ्यही आहे. पण तिच्या मुळाशी एक खरा मतभेद होता. शिक्षण घेऊन शहरात आलेल्या, कचेऱ्यांत स्थिरावलेल्या पिढीला कायद्याचा व सभागृहाचा मार्ग श्रेयस्कर वाटत होता. धोतर नेसणारा, साम्यवाद्यांच्या बरोबरीने मोर्चे काढणारा हा नेता तिला जुन्या वळणाचा वाटला. दादासाहेबांच्या डोळ्यांसमोर खेड्यात राहिलेला माणूस होता. कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमीन मिळाली, परंतु जो कूळही नव्हता, केवळ मजूर होता, त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने अतिरिक्त जमीन वाटायची ठरली. ती त्याच्या हाती केव्हा आणि किती पडणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या यांचा लाभ शाळेची पायरी चढलेल्यांना होता. न चढलेल्यांसाठी त्यांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्याची दुसरी, अधिक मोठी फेरी ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झाली. पडीक व सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या, ही तिची मुख्य मागणी. चळवळीच्या गणनेप्रमाणे तुरुंगात गेलेल्यांची संख्या तीन लाखांच्या पुढे गेली. सीताबाई गायकवाडांसह असंख्य स्त्रिया त्यात होत्या. दादासाहेब त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते, साठी ओलांडलेली होती.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर झालेली टीका अवाजवी म्हणता येणार नाही. सत्तेच्या सान्निध्यात जमिनीचा प्रश्न सुटेल असा त्यांचा होरा असावा. प्रत्यक्षात पक्षाची स्वतंत्र धार बोथट झाली, आणि पुढच्या पिढीतील तरुणांनी वेगळ्या वाटा धरल्या. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६४ च्या मागण्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागावे, ही मागणी १९९० मध्ये पुरी झाली. बौद्ध झालेल्या दलितांना केंद्राच्या सवलती मिळाव्यात, हीही त्याच वर्षी. जमिनीसाठी महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने योजना काढली: अनुसूचित जाती व नवबौद्ध यांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. मात्र या योजनेसाठी जमीन शासनाला मालकाकडून विकत घ्यावी लागते, आणि शासनाच्या दराने विकायला मालक सहसा राजी नसतो. शहराच्या आसपास, जेथे शेताचे बिनशेती भूखंड होत आहेत, तेथे तर नाहीच. नाशिकमध्ये दादासाहेबांच्या नावाचे सभागृह आहे. आंब्याच्या आणि दिंडोरीच्या शिवारात मजुरीला जाणाऱ्या माणसाचा अर्ज मात्र समाजकल्याण कार्यालयात जमीन उपलब्ध होण्याची वाट पाहत राहतो.