ताईमहाराज प्रकरणाचा धडा

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात राजद्रोहाचे खटले ठळकपणे नोंदले जातात. परंतु एका खासगी वारसा-वादाने त्यांच्या आयुष्याची चौदा वर्षे व्यापली होती, याचे स्मरण क्वचितच होते.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित मृत्युशय्येवर होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटले होते. तरीही मित्राच्या शब्दाखातर त्यांनी विश्वस्तपद स्वीकारले. इस्टेट कर्जात असल्याने खर्चाला आळा घालणे विश्वस्तांना भाग होते. बाबामहाराजांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा अल्पावधीतच वारला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस घराण्यातील जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. परंतु पुण्यास परतल्यावर बाबामहाराजांच्या तरुण विधवा पत्नी ताईमहाराज विश्वस्तांविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरचे बाळामहाराज यांना दत्तक घेतले.

१९०३ मध्ये टिळकांना खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्याचा निकाल १९०६ मध्ये अनुकूल, तर १९१० मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, प्रतिकूल लागला. अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान वैध ठरविले. तोवर ताईमहाराज हयात नव्हत्या.

१९०७ मध्ये कलकत्त्यास लोकांनी आपली स्वतःची न्यायालये उभारावीत असा विचार टिळकांनी मांडला. स्वतःचा दावा मात्र त्यांना सरकारी न्यायालयातच लढवावा लागला. यात विसंगती शोधणे सोपे आहे. परंतु प्रामाणिकपणावरच आघात झाल्यावर तडजोड म्हणजे आरोपाची कबुली ठरली असती.

मध्यस्थीची वेळ त्यापूर्वीची होती. घरखर्च किती असावा आणि दत्तक निवडताना विधवेच्या इच्छेला किती मान द्यावा, हे प्रश्न पहिला अर्ज दाखल होण्यापूर्वी तटस्थ माणसासमोर बोलता आले असते. दत्तविधान वैध की अवैध हे न्यायालयाने ठरविले. दुरावलेला विश्वास जोडणे त्याच्या हाती नव्हते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार २००२ पासून न्यायालयांना असे वाद मध्यस्थीकडे सोपविता येतात. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. परंतु कायद्याने वाट दाखविली तरी पाऊल पक्षकारांनीच, आणि वेळेवर, उचलावयाचे असते. टिळकांसारख्या पुरुषालाही चौदा वर्षे मोजावी लागली; सामान्य कुटुंबाचे तेवढ्यात सर्वस्व संपते.